उसातला बिबट्या कोणता?

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात बिबट्याचा फोटो हवा असेल तर भीमाशंकरच्या रानात मुक्काम ठोकायची गरज नाही. नारायणगाव, पिंपळवंडी, ओतूर, मंचर, पारगाव या बागायती पट्ट्यात उसाच्या फडाला लागून जाणाऱ्या एखाद्या पाणंदीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा बांधून ठेवावा. रात्री त्याच वाटेने कुत्री जातील, मुंगूस जाईल, उशिरा घरी परतणारी मोटारसायकल जाईल आणि केव्हातरी बिबट्याही जाईल.

फोटो मिळणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग पुढे सुरू होतो. फोटोत दिसतोय तो बिबट्या कोणता? काल शेजारच्या वाडीत शेळी नेली तोच हा, की दुसरा? याच पाणंदीवरून महिनाभर जाणारी ही एकच मादी आहे, की तीन वेगवेगळी जनावरं? हा छंदिष्टांचा प्रश्न नाही. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, पिंजरा कुठे लावायचा, पकडलेलं जनावर सोडायचं की ठेवायचं आणि क्वचित एखाद्याला गोळी घालायची का, हे सगळं या एका उत्तरावर अवलंबून असतं. मोठ्या शिकारी प्राण्याचा फोटो माणसाच्या आणि त्या प्राण्याच्या जिवाला कसा उपयोगी पडतो, ते या प्रकरणात पाहू.

धरणं आली, ऊस आला

कुकडी प्रकल्पात पाच धरणं येतात. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही जुन्नर तालुक्यात, तर घोड नदीवरचं डिंभे आंबेगावात. कालवे आणि चाऱ्या शिवारात पोचल्या तशी बाजरी-हुलग्याची कोरडवाहू जमीन बागायती झाली आणि उसाखालचं क्षेत्र वाढत गेलं. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने याच पाण्यावर उभे राहिले.

उसाचं वेगळेपण त्याच्या कालावधीत आहे. बाजरी तीन महिन्यांत निघते. सुरू ऊस बारा महिने उभा असतो आणि आडसाली सोळा ते अठरा महिने. एक फड तुटला तरी बांधापलीकडचा उभाच असतो. तुटलेल्या फडातही खोडवा पुन्हा वर येतो. त्यामुळे सबंध शिवाराचा विचार केला तर आडोसा वर्षभर कधीच पूर्ण संपत नाही. आत सावली, सरीत ओलावा, माणसाची ये-जा कमी, आणि फडाबाहेर पन्नास पावलांवर गोठा, शेळ्या, कोंबड्या आणि मोकाट कुत्री. बिबट्याला जगायला आडोसा, पाणी आणि अन्न एवढंच लागतं, आणि इथे तिन्ही गोष्टी एकाच बांधावर मिळतात.

म्हणून ‘बिबट्या जंगल सोडून गावात आला’ हे वाक्य इथे पुरेसं खरं नाही. आज जुन्नरच्या उसात दिसणाऱ्या कितीतरी बिबट्यांचा जन्मच उसात झालेला आहे. त्यांच्या आयाही उसातच वाढल्या. त्यांच्या लेखी हा फड हेच घर आहे.

खोल समुद्रातला कॅमेरा आणि बांधावरचा कॅमेरा

मोठ्या शिकारी प्राण्याचा जवळून फोटो म्हटलं की जगभर आठवण होते ती शार्कची. ऑस्ट्रेलियाचे रॉन आणि व्हॅलरी टेलर हे जोडपं १९६० च्या दशकापासून शार्कजवळ बुडी मारून चित्रीकरण करत होतं. १९७१ च्या ‘ब्लू वॉटर, व्हाइट डेथ’ या माहितीपटात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पिंजऱ्याबाहेर येऊन भर समुद्रात शार्कच्या झुंडीचं चित्रण केलं. चारच वर्षांनी ‘जॉज’ हा चित्रपट आला आणि शार्क म्हणजे माणूस खाणारा राक्षस हे चित्र जगाच्या मनात पक्कं बसलं. त्या चित्रपटाची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली यांनी नंतरचं आयुष्य शार्कच्या रक्षणासाठी बोलण्यात घालवलं.

पाण्यात फोटो काढण्याच्या अडचणी पाण्याच्याच आहेत. पाणी प्रकाश गिळतं आणि सगळ्यांत आधी लाल रंग गिळतं. काही मीटर खाली गेलं की लाल वस्तू काळपट दिसू लागते. शिवाय पाण्यात तरंगणारे कण फ्लॅशच्या उजेडात चमकून चित्रभर पांढरे ठिपके उमटवतात. यावर उपाय एकच : प्राणी आणि भिंग यांच्यामध्ये कमीत कमी पाणी ठेवायचं, म्हणजे रुंद कोनाचं भिंग घेऊन अगदी जवळ जायचं. पाणबुड्या छायाचित्रकाराची सगळी तालीम त्यासाठी असते. शार्कला पाठ दाखवायची नाही, घाईने हातपाय मारायचे नाहीत, तो कसा वळतोय आणि पंख कसे धरतोय याकडे लक्ष ठेवायचं आणि तो अस्वस्थ दिसला की निघायचं.

उसातही नजर पोचत नाही. उभ्या फडात दोन-तीन हातांपलीकडचं काही दिसत नाही. मात्र समुद्रातला उपाय इथे चालत नाही. उसात शिरून बिबट्याच्या जवळ जाणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं, आणि कोंडीत सापडलेला बिबट्या निसटण्यासाठी समोरच्या माणसाच्या अंगावरून जातो. म्हणून इथे फोटो काढणाऱ्याने जागेवर नसणं हीच पहिली अट आहे. कॅमेरा तिथे राहतो आणि माणूस घरी.

ही रीत बरीच जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी वाटेवर तार ताणून, जनावराचा पाय लागताच फ्लॅश पेटेल अशी सोय केली. रात्रीच्या वन्यजीवांचे त्यांचे फोटो १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने छापले. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हीच युक्ती वापरून १९२० च्या दशकात उत्तरेच्या जंगलांत मोकळ्या वाघांचे फोटो मिळवले. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वाघाच्या मागे जाणं तेव्हाच्या साहेबांना चमत्कारिक वाटे. चॅम्पियननी ते आयुष्यभर केलं.

आजच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तारेची जागा उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाने घेतली आहे. आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून सरकलं की कॅमेरा चालू होतो. म्हणून रात्रीच्या गारव्यात तो चोख काम करतो. एप्रिल-मेच्या दुपारी हवाच अंगाइतकी तापलेली असते, तेव्हा जनावर समोरून जाऊनही त्याला कळत नाही, आणि उन्हाने तापलेलं उसाचं पान वाऱ्याने हललं तरी तो शेकडो रिकामे फोटो काढून बसतो. कॅमेरा बांधताना समोरचं गवत आणि पाती काढावी लागतात ती यासाठी. चोरी होऊ नये म्हणून तो लोखंडी पेटीत घालून साखळीने झाडाला किंवा खांबाला जखडतात. आतल्या घड्याळाची तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे प्रत्येक फेरीला तपासतात. तारीख चुकलेला फोटो अभ्यासाला निरुपयोगी असतो.

ठिपके वाचायची विद्या

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके म्हणजे खरं तर लहान लहान काळ्या डागांची कडी असतात. अमेरिकेतल्या जॅग्वारच्या कड्यांमध्ये बहुधा आणखी ठिपके असतात, बिबट्याची कडी आतून रिकामी असतात. ही नक्षी जन्माबरोबर येते आणि शेवटपर्यंत टिकते. कोणत्याही दोन बिबट्यांची सारखी नसते. एवढंच नाही, तर एकाच बिबट्याची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते.

म्हणून अभ्यासासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा लावतात. एका फेरीत दोन्ही कुशी टिपल्या गेल्या तर त्या जनावराची पूर्ण ओळख हाती येते. एकच कूस मिळाली तर अर्धीच ओळख मिळते. उद्या दुसऱ्या बाजूचा फोटो आला, तर तो त्याच बिबट्याचा की दुसऱ्याचा हे सांगता येत नाही. दोन कॅमेरे अगदी समोरासमोर न ठेवता किंचित तिरके ठेवतात, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो.

मग संगणकाच्या पडद्यावर जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून जुळवणी सुरू होते. मांडीवरची तीन कडी घ्यायची, त्यांची मांडणी पाहायची, मग बरगड्यांवर यायचं, मग मानेवर. चालताना कातडी ताणली जाते, कॅमेऱ्याचा कोन बदलतो, मादी गाभण असेल तर पोटाचा आकारही बदलतो. तरी कड्यांचा एकमेकांशी असलेला क्रम बदलत नाही.

या विद्येचा समुद्राशी सुरेख संबंध आहे. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यांत मोठा मासा. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही तो येतो आणि २००१ पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. त्याच्या पाठीवर आणि कुशीवर पांढरे ठिपके असतात आणि तेही प्रत्येकाचे वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर ब्रॅड नॉर्मन यांच्याकडे अशा शार्कचे पुष्कळ फोटो साठले होते. ते जुळवायचे कसे? उत्तर खगोलशास्त्रात सापडलं. ताऱ्यांच्या दोन याद्या एकाच आकाशाच्या आहेत का, हे ओळखण्यासाठी एडवर्ड ग्रोथ यांनी १९८६ मध्ये एक रीत मांडली होती : ताऱ्यांचे त्रिकोण पाडायचे आणि त्रिकोणांशी त्रिकोण जुळवायचे. झॅव्हेन आर्झुमानियन, जेसन होल्मबर्ग आणि नॉर्मन या तिघांनी ती रीत माशाच्या ठिपक्यांना लावली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जगभरचे हौशी पाणबुडे सुट्टीत काढलेले फोटो पाठवू लागले आणि त्यांच्या फोटोंमधून एकेका व्हेल शार्कचा वर्षानुवर्षांचा प्रवास उलगडू लागला. बिबट्या आणि वाघांच्या नक्षीची जुळवणीही आता संगणकाच्या मदतीने करतात. शेवटचा निर्णय मात्र माणसाचा डोळाच देतो.

ओळख पटली की मोजणी करता येते. भारतात या पद्धतीचा पाया उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेच्या वाघांवर घातला. तिचं मूळ गणित सोपं आहे. समजा, एका पट्ट्यात पहिल्या पंधरवड्यात सहा बिबटे ओळखले. दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा सहा मिळाले, पण त्यातले चारच जुने निघाले. याचा अर्थ आपला कॅमेरा एकूण बिबट्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश पकडतोय. मग तिथे एकूण बिबटे नऊच्या आसपास असणार. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांतलं अंतर, प्रत्येकाच्या फिरण्याचा पल्ला आणि न दिसण्याची शक्यता धरून हे गणित बरंच बारकाईने करतात. पण गाभा हाच : ओळख नाही तर मोजणी नाही. गावात एका आठवड्यात दहा जणांनी बिबट्या पाहिला म्हणजे दहा बिबटे नव्हेत. तो एकच असू शकतो, आणि क्वचित खरोखरच चार असू शकतात.

अकोल्याच्या शेतात सापडलेलं उत्तर

जुन्नरच्या उत्तरेला लागून अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आहे. तिथल्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. ज्या भागात दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहतात आणि मोठी रानटी शिकार जवळजवळ नाही, तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस निघाले. ही वाट चुकून आलेली जनावरं नव्हती. फोटोंत पिल्लं असलेल्या माद्या होत्या, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जाणारे नर होते. इथे त्यांचा संसार होता.

ते काय खातात, याचंही उत्तर त्यांच्या विष्ठेतून मिळालं. वजनाच्या हिशेबाने जवळजवळ ८७ टक्के आहार पाळीव किंवा माणसाच्या आधाराने जगणाऱ्या जनावरांचा होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. म्हणजे ज्या गावाच्या कडेला कचरा आणि कोंबड्यांची घाण उघडी पडते, तिथे कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. गावाची स्वच्छता हा बिबट्याचाही विषय आहे, हे या आकड्यांनी दाखवून दिलं.

देशाची बिबट गणना २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यानुसार भारतात १३,८७४ बिबटे आहेत आणि महाराष्ट्रात १,९८५. पण ही मोजणी मुख्यतः वाघांच्या राज्यांतल्या जंगलांची आहे. उसातले बिबटे तिच्या कक्षेबाहेर राहतात. जुन्नरसारख्या ठिकाणी स्थानिक पातळीवर फोटोंची नोंद ठेवण्याला म्हणूनच मोठं मोल आहे.

ओळख न पटवता हलवलेले बिबटे

ओळखीविना काम केलं तर काय होतं, हे जुन्नरने फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. १९९३ ते २००० या काळात या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलात, सरासरी ४० किलोमीटरवर, सोडण्याची मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता : माणूसही वाचावा आणि बिबट्याही. पण त्यानंतर हल्ल्यांची वार्षिक सरासरी १७ वर गेली आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. अत्रेय, मॉर्टन ओडेन, जॉन लिनेल आणि कारंथ यांचा याविषयीचा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’त प्रसिद्ध झाला.

असं का व्हावं? एक तर शेळी बांधलेल्या पिंजऱ्यात जो पहिला शिरतो तो सापडतो. ज्याने हल्ला केला तोच सापडेल याची हमी नसते. दुसरं म्हणजे, पकडण्याची धडपड, पिंजऱ्यातल्या जखमा, मोडलेले दात आणि माणसांची गर्दी यातून गेलेलं जनावर अनोळखी रानात सोडलं जातं. तिथे आधीच दुसरे बिबटे असतात. ते बिथरतं, घराच्या दिशेने निघतं, वाटेत अनोळखी वस्त्यांतून जातं. तिसरं, इकडे त्याची रिकामी झालेली जागा भरायला नवे, अनेकदा तरुण बिबटे येतात. वर्षानुवर्षं माणसाला टाळून राहायला शिकलेलं जनावर जातं आणि जागेची माहिती नसलेलं येतं.

पिंजऱ्याची गोष्ट शार्कच्या बाबतीत नेमकी उलटी आहे. समुद्रात पिंजऱ्यात माणूस असतो आणि तो आपल्या मर्जीने आत जातो. तिथेही रक्त-मांसाचं आमिष टाकून शार्कला बोलवावं का, यावर मोठा वाद आहे, कारण आमिषाने प्राण्याचं वागणं बदलू शकतं. फोटोसाठी बिबट्याला शेळी किंवा कोंबडी दाखवणं हा तर गुन्ह्याच्या वाटेवरचा प्रकार. आमिषाला सरावलेला बिबट्या उद्या त्याच जागी मूल उभं असताना येऊ शकतो.

या अनुभवानंतर पकडलेल्या बिबट्याच्या कातडीखाली सूक्ष्म चिप बसवायला सुरुवात झाली, म्हणजे तेच जनावर पुन्हा सापडलं तर कळावं. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट-मानव संघर्षाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट धरपकड नको आणि बचावाच्या वेळी गर्दी हटवा, यावर त्यांत भर आहे.

मुंबईला चालत गेलेला ‘आजोबा’

२००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. पुढच्या सुमारे महिनाभरात तो १२० किलोमीटरच्या वर चालला : घाट उतरला, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडले, वसईची खाडी पोहून गेला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुणाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी या कथेवर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट काढला.

पट्ट्याने जे दाखवलं ते फोटोलाही एकट्याने जमलं नसतं. असे पट्टे घातलेले बिबटे दिवसा वस्तीपासून दूर, आडोशाला पडून असत आणि रात्री, माणसं झोपल्यावर, घरांच्या पंचवीस मीटरच्या आत येऊन जात. त्यांना आपलं वेळापत्रक पाठ होतं. आपल्याला त्यांचं नव्हतं.

मुंबईच्या उद्यानात पुढे निकित सुर्वे यांनी कॅमेऱ्यांनी मोजणी केली. २०१५ मध्ये ३५ बिबटे ओळखले गेले. त्याच परिसरात, आरे वसाहतीतल्या वारली पाड्यातून जाणाऱ्या बिबट्याचा नयन खानोलकर यांनी टिपलेला फोटो २०१६ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी वन्यजीव गटात पहिला आला. त्या फोटोतला बिबट्या गुरगुरत नाही, झेप घेत नाही. गल्लीतून जाणाऱ्या शेजाऱ्यासारखा तो फक्त जातो. शिकारी प्राण्याचा उत्तम फोटो कसा असावा, याचं ते उदाहरण आहे.

पाचटातली पिल्लं

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. शिवारात कोप्या पडतात, पहाटेपासून कोयते चालू होतात. फड आतल्या बाजूला कमी होत जातो आणि एखाद्या सरीत, पाचटात, डोळेही न उघडलेली दोन-तीन पिल्लं दिसतात. मादी आवाजाने बाजूच्या फडात सरकलेली असते. पिल्लं तिथेच राहिली आणि माणसं बाजूला झाली तर ती रात्री येणार असते.

पूर्वी अशी पिल्लं उचलून नेली जात आणि ती आयुष्यभर पिंजऱ्यात राहत. मादी मात्र दिवसचे दिवस त्याच शिवारात आक्रमक होऊन फिरत राही. आता वनविभाग आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्रात २००७ पासून काम करणारी ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था वेगळी रीत पाळतात. पशुवैद्य पिल्लांची तपासणी करतो. संध्याकाळी ती खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवतात. समोर कॅमेरा लावतात आणि सगळे निघून जातात. मादी येते, वास घेते, खोकं कलंडवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. या भेटीचे असंख्य फोटो आणि चित्रफिती आज उपलब्ध आहेत. ज्या शेतकऱ्याने आपल्या फडातल्या मादीची ती चित्रफीत पाहिली आहे, तो पुढच्या तोडणीला पिल्लं दिसताच टोळी थांबवून वनरक्षकाला फोन करतो. कॅमेऱ्याचं याहून चांगलं काम मला ठाऊक नाही.

मोबाइल उंचावलेली गर्दी

याच प्रदेशात कॅमेऱ्याचं वाईट रूपही दिसतं. बिबट्या विहिरीत पडल्याची किंवा फडात अडकल्याची बातमी पसरते. अर्ध्या तासात विहिरीच्या कठड्याभोवती शेकडो माणसं जमतात, प्रत्येकाचा हात वर आणि हातात मोबाइल. पाण्यातल्या बिबट्याला आधाराला बाज किंवा पिंजरा सोडायचा असतो, पण वर येण्याच्या वाटेवरच गर्दी उभी असते. तो वर आला की मिळेल त्या फटीतून सुटतो, कुणी पडतं, कुणी जखमी होतं, आणि उद्याच्या बातमीत तो बिबट्या ‘हल्लेखोर’ ठरतो.

दुसरा प्रकार खोट्या फोटोंचा. कुठल्यातरी दूरच्या राज्यातला जुना फोटो ‘आत्ता आपल्या वाडीत’ म्हणून फिरतो आणि संध्याकाळी शाळेची मुलं घरी कशी आणायची या काळजीने गाव जागं राहतं. ठिपके वाचणारा जाणकार तो फोटो पाहून सांगू शकतो की हे जनावर इथलं नाही. फक्त तो फोटो आधी त्याच्यापर्यंत जायला हवा. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ ही मदतवाहिनी आहे. फोटो समूहावर टाकण्याआधी या क्रमांकावर किंवा आपल्या वनरक्षकाला कळवणं, जागेची नेमकी खूण जाहीर न करणं, गर्दी न जमवणं या गोष्टी प्रत्येकाच्या हातात आहेत.

भीती खरी आहे

हे सगळं लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन मुलं होती. संतापलेल्या लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमबाजांनी एका बिबट्याला ठार केलं. गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा घालून शेतात खुरपायला जाणाऱ्या बायकांचे फोटो देशाने पाहिले. जगभरात शार्क वर्षाला, माणसाने न डिवचता, साठ-सत्तर माणसांना चावतात. ती माणसं बहुतेक स्वतःहून समुद्रात गेलेली असतात. पिंपरखेडचं मूल आपल्या घराजवळ होतं. म्हणून समुद्रातल्या धाडसाची भाषा इथे लावता येत नाही. इथल्या माणसाने धोका पत्करलेला नाही. तो त्याच्या दारात आला आहे.

म्हणून त्याच्या मागण्या आधी ऐकल्या पाहिजेत. उसाला बारे द्यायला दिवसा वीज हवी, म्हणजे रात्री एकट्याने फडात जावं लागणार नाही. गोठे बंदिस्त हवेत. ऊसतोड मजुरांच्या मुलांना उघड्यावर झोपावं लागू नये. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो, म्हणून फडाच्या कडेला जोडीने काम व्हावं, बोलत, गाणी लावत.

आणि या मागण्यांच्या जोडीला ओळख हवी. माणसावर हल्ला झाला की पहिल्या रात्रीपासून त्या शिवारात कॅमेरे लागले पाहिजेत आणि आधीच्या वर्षांचे फोटो हाताशी असले पाहिजेत. मग सांगता येईल की या वाटांवर चार बिबटे आहेत, त्यांपैकी घटनेच्या जागी हा एक दिसला, बाकीचे तीन वर्षानुवर्षं कुणाच्या वाटेला गेलेले नाहीत. धोकादायक जनावराला हटवण्याचा निर्णय तेव्हाच योग्य ठरतो. नाहीतर वीस पिंजऱ्यांत वीस बिबटे सापडतात, खरा हल्लेखोर मोकळा राहतो आणि गावाला खोटा दिलासा मिळतो.

हे फोटो गावालाही दाखवले पाहिजेत. जुन्नरच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला वाघोबाची पूजा करतो. या प्राण्याबरोबर राहायचं आहे ही जाणीव तिथे जुनी आहे. पूर्वेच्या बागायती पट्ट्यात बिबट्याशी शेजार नवा आहे आणि तो शिकायला साधन हवं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आपल्या शिवारातल्या ओळखलेल्या बिबट्यांचे फोटो, ते कोणत्या वेळी कोणत्या बाजूला दिसले याची नोंद आणि वनरक्षकाचा क्रमांक असेल, तर ऊस राखणारा माणूस रात्री घराबाहेर पडण्याआधी कुठे सावध राहायचं ते ठरवू शकेल. कॅमेरे आहेत, ठिपके वाचणारी माणसं आहेत, बिबटे तर आहेतच. फोटोंची ही नोंद दरवर्षी, हल्ला होण्याची वाट न पाहता, चारही तालुक्यांत सार्वजनिक कामासारखी ठेवली गेली पाहिजे. कालव्याच्या पाण्याचा हिशेब आपण ठेवतोच. त्या पाण्याने जे जनावर आपल्या उसात आणलं, त्याचाही हिशेब आपणच ठेवायचा आहे.